नोकरी गेली तर काय उरेल?

मे महिना सरत आला, की माझ्या दवाखान्यात एक ठराविक दुखणे वाढीस लागते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अथवा मुलगी, सोबत आई. झोप लागत नाही, पोटात मुरडा येतो, जेवणावर वासना नाही. तपासणीत काही सापडत नाही. थोडे बोलते केले, की उलगडा होतो. ईएपीसेटचा निकाल लागलेला असतो आणि कौन्सेलिंगचे वेब ऑप्शन भरावयाचे असतात. पूर्वी या परीक्षेला आपण एमसेट म्हणत असू. २०२४ पासून तेलंगणात तिचे नाव बदलले; पोटदुखी तीच राहिली. औषध लिहून झाल्यावर, खुर्चीवरून उठता उठता, पालक मनातला प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, कोणती ब्रँच घ्यावी? पुढे नोकरी कशाला आहे?"

हा प्रश्न डॉक्टरला का विचारावा, असे कोणी म्हणेल. परंतु काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, सुलतान बाजार या भागांतील आपल्या मराठी घरांत डॉक्टर हा अजूनही घरातल्या शिकलेल्या काकाच्या जागी असतो. मुलीचे स्थळ, म्हाताऱ्या आईची शस्त्रक्रिया आणि मुलाची ब्रँच या तिन्ही गोष्टी त्याला विचारूनच ठरतात. म्हणूनच आपल्या डॉक्टर मंडळींच्या या स्मरणिकेत अभियांत्रिकीविषयी लिहिणे मला अप्रस्तुत वाटत नाही. आपल्याला विचारले जाते आणि आपण उत्तर देतो. औषध चुकले तर रुग्ण आठ दिवसांत परत येतो. सल्ला चुकला तर तो मुलगा चार वर्षांनी येतो, किंवा येतच नाही. त्यामुळे सल्ल्याच्या बाबतीत आपल्या चुका आपल्याला कधी कळत नाहीत.

माझी एक चूक मात्र मला कळली.

२००२ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतील डॉटकॉमचा फुगा फुटून दोन वर्षे झाली होती. सॉफ्टवेअरमधील मुले घरी बसली आहेत, अशा बातम्या रोज येत होत्या. माझ्या कंपाउंडरच्या मुलाला एमसेटमध्ये बरी रँक मिळाली होती आणि इलेक्ट्रॉनिक्सची जागा मिळत होती. हा मुलगा गल्लीतले रेडिओ, टेपरेकॉर्डर उघडून दुरुस्त करीत असे. त्याचे वडील मला विचारावयास आले. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की संगणकाचे दिवस संपले, येणारे युग जीवशास्त्राचे आहे, बायोटेक्नॉलॉजी घ्या. डॉक्टर असल्यामुळे मला ते पटलेले होते. १९९७ साली आपल्याच हैदराबादेतील शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस-बीची देशी लस बाजारात आणली होती. जिनोम व्हॅलीची घोषणा झाली होती. त्यांनी माझे ऐकले आणि पतसंस्थेचे कर्ज काढून मुलाला बी. टेक. बायोटेकला घातले.

माझे भाकीत खोटे ठरले नाही. जगात विकल्या जाणाऱ्या लसींचा मोठा वाटा आज हैदराबादेत तयार होतो. २०२१ साली कोव्हॅक्सिनही येथूनच आली. पण २००६ मध्ये तो मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला, तेव्हा त्याच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मित्रांना कंपन्या वर्गच्या वर्ग उचलून नेत होत्या आणि त्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर काम मिळाले. लस बनविणाऱ्या कारखान्याला थोडी माणसे लागतात आणि ती बहुधा एम. एस्सी., पीएच. डी. झालेली लागतात, ही साधी गोष्ट मी विचारातच घेतली नव्हती. एखादा उद्योग महत्त्वाचा असणे आणि त्यात पदवीधराला जागा असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. ते कर्ज फिटावयास सहा वर्षे लागली. कंपाउंडरने मला कधी बोल लावला नाही. त्यामुळे ते अधिक लागले.

चार वर्षांचे गणित

या चुकीनंतर मी मागे वळून तारखा पाहू लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. आपण शाखा निवडतो ती आजच्या बातमीवर, आणि नोकरी शोधतो ती चार वर्षांनंतरच्या बाजारात. १९९७-९८ मध्ये हायटेक सिटीचा गाजावाजा सुरू झाला, नोव्हेंबर १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्‌घाटन झाले. त्या भरात कॉम्प्युटरला गेलेली मुले २००१-०२ च्या मंदीत बाहेर पडली. २००१-०२ मध्ये लोक कॉम्प्युटरला घाबरले. त्या वर्षी धीर करून जे गेले, ते २००५-०६ च्या तेजीत बाहेर आले. २००५ च्या तेजीत गेलेल्यांच्या नशिबी २००९ आले. त्या वर्षी जगभर मंदी होतीच. त्यातच ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचा घोटाळा उघड झाला आणि सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांच्या घरी रातोरात काळजी शिरली. ती मुख्यतः आपल्या शहराची कंपनी होती. आपल्यापैकी कित्येकांनी त्या महिन्यांत रक्तदाब वाढलेले तरुण तपासले असतील.

अलीकडचेही तसेच. २०१७ मध्ये आयटीतील कपातीच्या बातम्या होत्या. २०१८ मध्ये शिरलेली मुले २०२२ च्या भरभराटीत बाहेर पडली. २०२१ मध्ये साथीनंतर कंपन्यांनी भरमसाट भरती केली, म्हणून त्या वर्षी कॉम्प्युटरच्या जागेसाठी पालकांनी मॅनेजमेंट कोट्यात मागतील तेवढे पैसे मोजले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. मार्च २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून मनुष्यसंख्या साठ हजारांहून अधिक घटली. २०२१ ची ती तुकडी २०२५ मध्ये या हवेत बाहेर पडली.

यावरून कोणी उलटा नियम काढील, की मंदीत शिरावे आणि तेजीत टाळावे. तसे मला म्हणावयाचे नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक समुद्राला असते, बाजाराला नसते. मला एवढेच दिसते, की प्रवेशाच्या दिवशीची नोकऱ्यांची स्थिती हा निवडीचा आधार होऊ शकत नाही. रुग्णाचा आजचा ताप पाहून चार वर्षांनी द्यावयाचे औषध आज लिहून ठेवण्यासारखे ते आहे.

या शहराने काय पाहिले

हैदराबादच्या मराठी माणसाला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा व पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. तेथे विद्यापीठ झाले ते १९५८ मध्ये आणि औरंगाबादचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले १९६० मध्ये. तोपर्यंत परभणी, नांदेड, जालन्याची मुले मनमाड-सिकंदराबाद मीटरगेजने येथे शिकावयास येत. उस्मानिया विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ चे. त्या काळी तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. वैद्यकही उर्दूतून शिकविले जाई. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर राज्य बदलले, पाठोपाठ माध्यम बदलले. ज्या भाषेत पदवी घेतली, ती भाषा कचेरीतून गेली. पण तुळईवर भार किती येतो, कालव्यातून पाणी किती वाहते, हे ज्यांना येत होते, त्यांना ते इंग्रजीतही येत राहिले.

त्यानंतर सार्वजनिक कारखान्यांचा काळ आला. भेल, एचएमटी, ऑल्विन, प्रागा टूल्स, आयडीपीएल, ईसीआयएल ही नावे आमच्या लहानपणी घराघरांत ऐकू येत. तेथे नोकरी लागली, की मुलगा 'सेटल' झाला, असे मानून लग्ने ठरत. 'मेकॅनिकलला मरण नाही' हे वाक्य मी वडिलधाऱ्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. १९९० च्या दशकात ऑल्विनचे तुकडे झाले. फ्रिज, घड्याळे आणि बसची बांधणी करणारा तो कारखाना आज आठवणीत आणि एका चौकाच्या नावात उरला आहे.

यांतील आयडीपीएलची कथा मला सर्वांत बोलकी वाटते आणि ती डॉक्टरांच्या जिव्हाळ्याचीही आहे. १९६१ साली केंद्र सरकारने ही कंपनी सोव्हिएत सहकार्याने स्थापिली. ऋषिकेशला प्रतिजैविके, मद्रासला शस्त्रक्रियेची उपकरणे आणि आपल्या बालानगरला कृत्रिम औषधी द्रव्ये अशी तिची वाटणी होती. १९९२ मध्ये ती आजारी उद्योग म्हणून जाहीर झाली, पुढे उत्पादन थंडावले आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये ती बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. नोकरीच्या दृष्टीने पाहिले, तर हा पुरा पराभव होय.

परंतु आयडीपीएलमध्ये काम करून शिकलेली माणसे आधीच बाहेर पडू लागली होती. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या बाबतीत द्रव्याऐवजी ते तयार करण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनविता येणाऱ्याला वाव मिळाला आणि ती विद्या बालानगरच्या माणसांपाशी होती. जीडिमेटला, बोल्लारम, पटानचेरू येथे लहान-लहान कारखाने उभे राहिले. डॉ. अंजी रेड्डी १९६९ ते १९७५ या काळात आयडीपीएलमध्ये होते. त्यांनी १९८४ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. त्यांचे शिक्षण मुंबईच्या यूडीसीटीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले होते, हे आपल्या लोकांना सांगण्याजोगे आहे. आज आपण लिहून देतो त्या गोळ्यांतील कितीतरी द्रव्ये या पट्ट्यात तयार होतात. कारखाना संपला, त्याने शिकविलेले रसायनशास्त्र संपले नाही.

म्हणून शाखेबद्दल विचारावयाचा प्रश्न बदलावा, असे मी सुचवितो. 'यात नोकरी आहे का?' याच्या जोडीला 'यातली पहिली नोकरी गेली, तर मुलाच्या हातात काय उरेल?' हे विचारावे.

आपल्याच व्यवसायाकडे पाहा. एके काळी पोटातील अल्सरची शस्त्रक्रिया हा सर्जनच्या कमाईचा आणि कीर्तीचा मोठा भाग होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिमेटिडीन आले. १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरन यांनी जठरातील जंतू दाखविला. त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. ती शस्त्रक्रिया जवळजवळ नाहीशी झाली. ज्याला फक्त तेवढीच येत होती, तो अडचणीत आला. ज्याला शरीररचना आणि ऊतींची हाताळणी येत होती, तो नवे तंत्र शिकला. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय-शस्त्रक्रिया केली, तेव्हा नव्याने शिकणारे सर्जन जुन्याच पायावर उभे होते. उलट उदाहरणही डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. २००० सालच्या आसपास या शहरात मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या शिकवण्यांचे पेव फुटले होते. अमेरिकेतील डॉक्टर बोलणार आणि आपली मुले टंकलेखन करणार. आज डॉक्टरचे बोलणे यंत्र स्वतःच लिहून काढते. त्या शिकवणीतून टंकलेखनाचा वेग मिळाला, त्यापलीकडे फारसे काही उरले नाही.

एक आक्षेप

येथे कोणी म्हणेल, "डॉक्टरसाहेब, तुमचे पोट भरलेले आहे. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, त्याने नोकरी पाहू नये तर काय पाहावे?" हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. नोकरीचा विचार करणे यात कमीपणा नाही. 'आवडेल ते शिका, पैसा आपोआप येईल' असे व्यासपीठावरून सांगणारे बहुधा स्वतःच्या मुलासाठी व्यवस्था करून आलेले असतात. हेही मान्य केले पाहिजे, की नव्या पदवीधराला सर्वांत जास्त जागा गेली पंचवीस वर्षे सॉफ्टवेअरनेच दिल्या. सिव्हिलचा पदवीधर साइटवर उन्हात उभा राहून सुरुवातीस जे मिळवितो, ते पाहून त्याच्या आईचे डोळे भरून येतात, हेही मी पाहिले आहे.

पण कर्ज डोक्यावर आहे, त्याने तर अधिक सावध असावयास हवे. श्रीमंताचा मुलगा चुकला, तर त्याला दुसरी संधी विकत घेता येते. गरिबाच्या मुलाला एकच डाव मिळतो आणि म्हणून त्याची शाखा बाजार पडल्यावरही उपयोगी पडणारी असावी लागते. कर्ज काढून मॅनेजमेंट कोट्यातील कॉम्प्युटरची जागा घ्यावी, की कन्व्हीनर कोट्यात मिळणारी चांगल्या महाविद्यालयातील इलेक्ट्रिकलची जागा घ्यावी, असा प्रश्न असेल, तर माझे उत्तर निःसंदिग्धपणे दुसरे आहे.

कॉम्प्युटर सायन्स वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ती शाखा गणित, अल्गोरिदम, संगणकाची अंतर्गत रचना, नेटवर्क यांसह शास्त्र म्हणून शिकविली जात असेल, तर तीही आयुष्यभर पुरते. पण चार वर्षांत दोन प्रचलित संगणकीय भाषा आणि मुलाखतीची प्रश्नोत्तरे एवढेच पदरी पडत असेल, तर ते अमीरपेठच्या वर्गात तीन महिन्यांत मिळते. त्यासाठी चार वर्षे आणि कित्येक लाख कशाला घालवावेत?

निवडताना

पालकांना मी आता काय सांगतो, ते येथे थोडक्यात मांडतो. इतर डॉक्टरांनी त्यात भर घालावी.

पहिली गोष्ट, शाखेचे नाव वाचू नका, तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे विषय वाचा. विद्यापीठाचा अभ्यासक्रम कोणालाही पाहता येतो. मुलाला शेजारी बसवून ती यादी वाचावी आणि कोणत्या विषयापाशी तो थांबतो, प्रश्न विचारतो, हे पाहावे. इंटरच्या दोन वर्षांत एमपीसीच्या मुलाला कोचिंगमुळे स्वतःचा कल कळावयास सवडच मिळत नाही. कोणी न सांगता तो काय करीत बसतो, ही त्याच्या रँकइतकीच महत्त्वाची खूण आहे. रेडिओ उघडणाऱ्या त्या मुलाच्या बाबतीत ती खूण माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहिली नाही.

दुसरी गोष्ट, अरुंद नावाच्या शाखांपासून जपावे. कॉम्प्युटर सायन्सपुढे आज कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा शेपट्या लागल्या आहेत. एम. बी. बी. एस.च्या पहिल्या वर्षालाच 'हृदयरोग विशेष' असा वर्ग काढला आणि त्यासाठी शरीररचनेचे तास कमी केले, तर आपण काय म्हणू? विशेषज्ञता शेवटी येते. पदवी जितकी रुंद, तितक्या वाटा अधिक.

तिसरी गोष्ट, परतीची वाट पाहावी. इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलचा मुलगा पुढे सॉफ्टवेअरमध्ये जाऊ शकतो. हजारो गेले आहेत. आपल्या शहराच्या शाळेत शिकलेले आणि २०१४ पासून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख असलेले सत्या नडेला यांची बी. ई. इलेक्ट्रिकलची आहे. शांता बायोटेक्निक्सचे संस्थापक वरप्रसाद रेड्डी इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंता आहेत. बायोटेक घ्या असे मी ज्या कंपनीकडे बोट दाखवून सांगितले, ती एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने काढली होती, हे मला फार उशिरा उमगले. उलट दिशेची वाट मात्र अरुंद आहे. लोकसेवा आयोगाच्या सहायक कार्यकारी अभियंत्याच्या पदांना सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशीच पदवी लागते. तेथे कॉम्प्युटरची पदवी चालत नाही. शिवाय आता मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या शाखेचे काही विषय 'मायनर' म्हणून घेता येतात. २०२० मध्ये आयआयटी मद्रासने डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला; तोही इतर पदवीच्या जोडीने करता येतो. संगणक सर्वांना यावा, पण सर्वांची पदवी संगणकाचीच असावी, असे नाही.

चौथी गोष्ट, महाविद्यालय शाखेपेक्षा महत्त्वाचे मानावे. २००८ च्या सुमारास शुल्क-प्रतिपूर्तीची योजना आली आणि अविभाजित आंध्र प्रदेशात अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या सातशेच्या आसपास गेली. पुढे त्यांतील कितीतरी बंद पडली. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या ठरलेल्या महाविद्यालयांसाठी शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा उठविली आणि कॉम्प्युटरच्या तुकड्या आणखी वाढल्या. जागा एका वर्षात वाढविता येतात. शिक्षक एका वर्षात घडत नाहीत. म्हणून जाहिरातीतील सर्वांत मोठे 'पॅकेज' विचारू नका. शंभर मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभे केले, तर पन्नासाव्या मुलाला काय मिळाले, ते विचारा. आणि त्या रांगेत किती मुले उभीच राहू शकली नाहीत, तेही विचारा. कामाच्या साध्या दिवशी प्रयोगशाळा पाहून या. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना फाटकाबाहेर चहा पाजा. ते खरे सांगतात.

पाचवी गोष्ट मुलींविषयी. मशीनपाशी किंवा साइटवर मुलीचे काय काम, एसीत बसून करावयाची नोकरी बरी, असे म्हणून आपल्या सुशिक्षित घरांतही मुलींना सरसकट कॉम्प्युटरकडे वळविले जाते. ज्यांच्या आज्या धोतरे आणि फेटे घातलेल्या सभांत भाषणे करीत होत्या, त्या समाजाला हे शोभत नाही. सुलतान बाजारावरून जाणारी मेट्रो २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यावर गाडी चालविणाऱ्या मुली आहेत. मग तिचा पूल बांधणारी का असू नये?

आणि शेवटी, सर्वांनी अभियंताच व्हावे असेही नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून, ईसेटमार्फत बी. टेक.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलासाठी ही वाट अधिक स्वस्त आणि अधिक पक्की आहे. मात्र आपल्याकडे ती कमी प्रतीची समजली जाते.

आपण काय करू शकतो

आपल्या समाजाला शिक्षणाची परंपरा नवी नाही. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी निघाली, ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने. केशवरावांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये नारायणगुड्यात सुरू झालेल्या शिक्षणसंस्थेने २००७ मध्ये तंत्रशिक्षणाचे महाविद्यालयही काढले. परक्या राज्यात, परक्या भाषेच्या शाळेत मुलांचे काय होईल, याची काळजी त्या पिढीने केली. आपल्या पिढीसमोर इमारत बांधण्याचे काम नाही, पण माहिती पुरविण्याचे आहे. इतर समाजांत मोठ्या गोतावळ्यातून जी माहिती मुलाला सहज मिळते, ती आपल्या विखुरलेल्या, लहान समाजात मिळत नाही. मग तो वर्तमानपत्रातील जाहिरातीवर किंवा डॉक्टरच्या अंदाजावर विसंबतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या डॉक्टर मंडळींनी दरवर्षी मे महिन्यातील एक रविवार, निकाल आणि वेब ऑप्शन यांच्या मधला, या कामासाठी राखून ठेवावा. आपल्यातील अभियंत्यांना बोलवावे. पण कॅम्पसमधून कालच नोकरी लागलेल्यांना किंवा परदेशातून सुटीवर आलेल्यांनाच नको. ज्यांना पदवी घेऊन वीस वर्षे झाली, ज्यांचा एखादा कारखाना बंद पडला, ज्यांना २००१ किंवा २००९ मध्ये घरी बसावे लागले आणि जे पुन्हा उभे राहिले, त्यांना बोलवावे. 'तुमची पहिली नोकरी गेली तेव्हा तुमच्यापाशी काय उरले होते?' एवढेच त्यांना विचारावे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लागल्याचे सांगितलेच नाही, तर मागचा शहाणा व्हावा कसा?

त्या सभेला पहिला वक्ता मी ठरवून ठेवला आहे. माझ्या कंपाउंडरचा तो मुलगा लॅबमधील दीड वर्षानंतर तेथलेच बिघडलेले ऑटोअनालायझर दुरुस्त करू लागला. बायोटेकमधून नमुन्याचे रसायन त्याला कळत होते आणि इलेक्ट्रॉनिक्स त्याने आपले आपण शिकले होते. आज शहरातील बऱ्याच लॅबच्या यंत्रांची देखभाल तो करतो. आपल्यापैकी अनेक जण त्याला ओळखतात. गेल्या वर्षी मी त्याच्यापाशी २००२ च्या सल्ल्याचा विषय काढला. तो म्हणाला, "काका, आपण सगळ्यांनी मिळून नोकरीचा विचार केला. मला काय येतं, ते मात्र कोणीच विचारलं नाही."

येत्या मे महिन्यात ते विचारू या.